गावाबाहेरची शाळा आणि घरातली भाषा



भालकी हे बिदर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. विकाराबादहून निघून बिदर, उदगीर करीत परळीकडे जाणारी रेल्वे येथून जाते. जुन्या किल्ल्याच्या आसपास वसलेले हे गाव आता चारही दिशांना पसरले असून, काल ज्या शेतात तूर उभी होती तेथे आज घरांचे आखीव तुकडे पडले आहेत. या नव्या वस्त्यांच्याही पलीकडे, तालुक्याच्या कोणत्याही गावाप्रमाणे, आवाराची भिंत आणि पिवळ्या बसगाड्या असलेल्या शाळा दिसू लागतात. मुले आणि मुली एकत्र शिकतात, सकाळी येतात, सायंकाळी घरी जातात, आणि सरकारकडून शाळा एक पैही घेत नाही. पाटीवर पुष्कळदा ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असतो. शाळेला सर्वांत जवळची सीमा मात्र आंतरराष्ट्रीय नसून आंतरराज्य असते, आणि माझ्या आजच्या विषयाचा त्या सीमेशीच अधिक संबंध आहे.

ही जी नव्या प्रकारची शाळा आपण पाहतो ती वस्तुतः आहे तरी काय, ती गावाबाहेरच का निघते, तिच्यात मराठी घरातील मुलाला काय मिळते आणि त्याचे काय सुटते, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ पाहू. आपल्याकडे शाळांची वर्गवारी करावयाची तर खरा प्रश्न एकच असतो : शिक्षकांचा पगार कोण देतो? सरकारी शाळेत तो सरकार देते. खाजगी अनुदानित शाळेत शाळा चालविते संस्था, परंतु पगार देते सरकार. ही अनुदानाची पद्धत 1854 च्या वुडच्या खलित्यापासून आपल्या देशात आली आणि 1882 च्या हंटर आयोगाने तिला अधिक बळ दिले. आपल्या कित्येक नामांकित मराठी शाळा याच व्यवस्थेत वाढल्या. तिसरा प्रकार विनाअनुदानित शाळेचा. येथे पगार निघतो तो पालकांच्या फीतून. या शाळेला सरकारची मान्यता लागते. कर्नाटकात 1983 चा शिक्षण कायदा, जो 1995 पासून अंमलात आला, आणि 2009 चा केंद्राचा शिक्षणहक्क कायदा, हे दोन्ही तिला लागू आहेत. मात्र कोणत्या भाषेतून शिकवावयाचे आणि किती फी घ्यावयाची, याबाबतीत तिला पुष्कळच मोकळीक असते. म्हणजे स्वातंत्र्य शाळेचे, आणि त्याचे मोल पालकांचे, असा हा व्यवहार आहे.

ती गावाबाहेर का जाते, याचे कारण साधे आहे. क्रीडांगणाला आणि बसगाड्यांना जागा लागते, ती गावात मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. पण याला दुसरीही बाजू आहे. शाळा जेथे जाते त्याच्या मागोमाग वस्ती जाते, किंवा वस्ती गेली की तिच्या पाठोपाठ शाळा निघते. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात 1898 मध्ये काही पालकांनीच एकत्र येऊन किंग आल्फ्रेड स्कूल नावाची शाळा काढली. मुले-मुली एकत्र, वसतिगृह नाही, सरकारचा पैसा नाही. पुढे ती आणखी बाहेर, गोल्डर्स ग्रीनकडे सरकली. सधन इंग्रज कुटुंबे मुलांना लहानपणीच दूरच्या वसतिगृहात धाडीत असत, त्या काळात मूल सायंकाळी घरी यावे असे म्हणणाऱ्या आईबापांची ती शाळा होती.

आपल्याकडील उदाहरण अधिक जवळचे आहे. विलेपार्ले हे मुंबई शहराबाहेरचे उपनगर असताना, 1921 साली, तेथील मराठी रहिवाशांनी पार्ले टिळक विद्यालय सुरू केले. पार्ले मुंबईच्या हद्दीत आले ते 1950 मध्ये. म्हणजे शहर पोचण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे तेथे शाळा उभी होती. ज्यांनी ती काढली त्यांना मुलांसाठी शाळा हवी होती हे तर खरेच, परंतु ती कोणत्या भाषेची असावी याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. भालकीकडे परत येताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण नेमका हाच मुद्दा पुढे बदलला आहे.

भालकीचा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात प्रजेची बोली मराठी, कन्नड, तेलुगू अशी तीन प्रकारची असून सत्तेची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग म्हणून मोठाच होता, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की ज्याला पुढे शिकावयाचे त्याला माध्यमिक शाळेपासूनच उर्दूचा रस्ता धरावा लागे. अशा वेळी मातृभाषेला आसरा मिळाला तो खाजगी शाळांत. हैदराबादचे विवेकवर्धिनी विद्यालय 1907 मध्ये निघाले. पंडित केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. त्याच वर्षी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, नूतन विद्यालय सुरू झाले. धाराशिव भागातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 ची. तेथे 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक आला, जो पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने साऱ्या हैदराबाद संस्थानास परिचित झाला. सरकारला या शाळांचे मर्म कळले नव्हते असे नाही. 1924 च्या सुमारास खानगी शाळांसंबंधी नियम झाले, आणि परवानगीवाचून शाळा काढणे हाच अपराध होऊन बसला. शाळेत काय शिकवितात यापेक्षा शाळा कोण काढतो याकडे पोलिसांचे लक्ष अधिक असे.

या परिस्थितीत खुद्द भालकीत जे घडले ते आजही तेथे अभिमानाने सांगितले जाते. हिरेमठ संस्थानचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू, जे 1890 मध्ये जन्मले आणि शंभरी ओलांडून 1999 पर्यंत जगले, त्यांनी कन्नड शाळा चालविली ती बाहेर उर्दूची पाटी लावून. पाटी उर्दू आणि आत धडे कन्नड. अधिकारी दारावरून जाई तो पाटी वाचून समाधानाने जाई. आपण मराठी माणसांनी ही कथा परक्याची म्हणून ऐकू नये. त्या काळी या भागात मराठी आणि कन्नड या दोघींची अडचण एकच होती, आणि दोघींनी काढलेली तोडही एकच होती : स्वतःच्या खर्चाने शाळा.

पुढे 1948 चा सप्टेंबर आला, निजामाची सत्ता गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात. आणि बिदर, हुमनाबाद, औराद यांच्यासह भालकी म्हैसूर राज्यात राहिली, ज्याचे नाव 1973 मध्ये कर्नाटक झाले. ‘बिदर, भालकी’ ही जोडी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत ज्यांनी ऐकली आहे त्यांस या विभागणीचे दुःख निराळे सांगावयास नको. महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि न्यायालयापुढील गोष्टींवर या ठिकाणी बोलण्याचे प्रयोजन नाही. दावा कसाही सुटो, येत्या जूनमध्ये पाच वर्षांच्या मुलाला कोठे घालावयाचे हा प्रश्न त्यासाठी थांबत नाही.

राज्यघटनेने भाषिक अल्पसंख्याकांना उघड्यावर सोडलेले नाही. अनुच्छेद 30 प्रमाणे त्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार आहे. अनुच्छेद 350 क, जो पुनर्रचनेबरोबरच 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आला, तो प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवितो. त्यानुसार सीमेवर मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा चालत आल्या. 1994 मध्ये तर कर्नाटक सरकारने आदेशच काढला की पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच व्हावे. आणि येथेच कथेला विलक्षण वळण लागले. राज्यभरातील कित्येक खाजगी शाळांनी कागदावर कन्नड माध्यमाची परवानगी घेतली आणि वर्गात शिकविले इंग्रजीतून. 2006 मध्ये सरकारने अशा दोन हजारांहून अधिक शाळांची मान्यता काढून घेण्याचे पाऊल उचलले. पट्टद्देवरूंच्या शाळेची पाटी आठवा. तेव्हा पाटी राज्यकर्त्यांच्या भाषेची होती आणि आत मातृभाषा लपली होती. आता पाटीवर मातृभाषा आणि आत लपलेली इंग्रजी! युक्ती तीच, लपविण्याची वस्तू तेवढी बदलली.

अखेर 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माध्यम निवडणे हा मुलाचा, व त्याच्या वतीने पालकांचा, अधिकार आहे. खाजगी शाळांवर राज्याला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. लपवाछपवीचे कारणच संपले. तेव्हापासून गावाबाहेरील शाळा आपल्या पाटीवर ‘इंग्लिश मीडियम’ ही अक्षरे निर्धास्तपणे रंगवू शकते.

आता मुलाच्या दप्तरात डोकावू. कर्नाटकातील शाळेत दहावीपर्यंत तीन भाषा शिकाव्या लागतात : पहिली, दुसरी आणि तिसरी. राज्याच्या दहावी परीक्षेच्या, गेली कित्येक वर्षे रूढ असलेल्या, रचनेत एकूण गुण 625 आणि त्यांपैकी पहिल्या भाषेला 125, यावरून तिचे वजन कळेल. 2015 च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकविणे आवश्यक केले, आणि ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा मुलाला यावी यात गैर काही नाही. भालकीचा मराठी मुलगा कन्नड न शिकेल तर तहसील कचेरीत त्याला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागेल. इंग्रजी माध्यम म्हटले की इंग्रजी पहिली. तिसरी बहुधा हिंदी. झाल्या तीन भाषा. आणि मराठी? बैठक तीन पाटांची आणि पाहुणे चार, असा हा प्रकार आहे. जी घरची, जिच्याकडून रुसण्याफुगण्याचा संभव कमी, तिलाच उठवून बसावयाला जागा करावी, हे आपल्या घरातील जुने वळण येथेही चालू राहते. नियमांत मराठीला पहिली भाषा म्हणून मान्यता आहे. पण शाळेत मराठीचा शिक्षक नेमावा लागतो, त्याचा पगार फीतून काढावा लागतो, आणि मागणी कोणी केली नसेल तर संस्थाचालक तो खर्च का करील?

याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणूनच तो गंभीर आहे. मूल घरी मराठी बोलते, त्यामुळे आईबापांस वाटते की मराठी सुरक्षित आहे. सहावी-सातवीत केव्हा तरी आजी म्हणते, ‘‘बाळा, एवढं पत्र वाचून दाखीव रे,’’ आणि मुलगा अक्षरे जुळवू लागतो. हिंदीमुळे देवनागरी त्याला ठाऊक असते, म्हणून तो अडखळत वाचतोही. परंतु ‘ळ’ आला की थबकतो, जोडाक्षरांच्या दाटीत हरवतो, आणि जे वाचले त्याचा अर्थ आजीलाच विचारतो. बोली टिकते आणि भाषा जाते ती अशी. पुढल्या पिढीत बोलीलाही आधार उरत नाही.

इतके सांगितल्यावर श्रोत्यांस वाटेल की वक्ता या शाळांचा विरोधक आहे. तसे मुळीच नाही. पालक तेथे का जातात हे मी जाणतो. पुढील व्यावसायिक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून दहावी झालेला भालकीचा मुलगा वैद्यक किंवा अभियांत्रिकीकडे वळला की दोन वर्षे नुसती भाषेशी झुंज देण्यात घालवितो. शिवाय या शाळांनी एक गोष्ट अशी करून ठेवली आहे की तिचे मोल शंभर वर्षांपूर्वीच्या माणसालाच कळावे. ती म्हणजे सहशिक्षण.

मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे गोपाळ गणेश आगरकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिले तेव्हा पुण्यासारख्या शहरातही गहजब झाला होता. निजामाच्या राज्यात तर मुलींची शाळा म्हणजे पडद्याआडची शाळा. हैदराबादचे महबूबिया कन्या विद्यालय, जे 1907 सालचेच, ते प्रतिष्ठित घरांतील मुलींसाठी निघाले आणि तेवढेही त्या काळी धाडस होते. लहान गावांत चौथीपर्यंत मुले-मुली एकत्र बसत, पुढे मुली घरी बसत. आज भालकीच्या रस्त्यावर सकाळी बसमध्ये चढणाऱ्या मुलामुलींकडे पाहून कोणी वळूनही पाहत नाही. मात्र सहशिक्षण म्हणजे एकाच वर्गात दोन रांगा लावणे नव्हे. मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षानंतर शाळेत टिकावी असे वाटत असेल तर तिच्यासाठी निराळे, पाणी असलेले स्वच्छतागृह हवे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात ते स्पष्ट लिहिलेही आहे. शाळा पाहावयास गेलेल्या पित्याने संगणकाची खोली पाहून परतू नये, हे दारही उघडून पाहावे.

रोज घरी परतण्याच्या शाळेचेही असेच. या भागात वसतिगृहाच्या शाळांची परंपरा जुनी आहे. भालकी तालुक्यात करडयाळचे गुरुकुल आहे, बिदरला 1989 पासून वाढलेली शाहीन संस्था आहे, आणि निकालासाठी मुलांना दूर ठेवण्याची चाल पडली आहे. त्यांच्या यशाबद्दल शंका नाही. पण वसतिगृहातील मुलाची घरची भाषा सुटीपुरती उरते. जो सायंकाळी घरी येतो, आईच्या हातचे दोन घास खात दिवसभराची हकीकत सांगतो, त्याच्याशी मराठीत बोलता येते, त्याला मराठी वाचून दाखविता येते. गावाबाहेरील या दिवसाच्या शाळेने मराठीला वेळापत्रकातून काढले असले तरी सायंकाळ मात्र तिने आपल्याकडे ठेवली आहे. ती सायंकाळ शिकवणीला जाते आणि शिकवणीही इंग्रजीतूनच होते, हा दोष शाळेचा नव्हे.

गरिबांच्या बाबतीत हिशेब आणखी वेगळा आहे. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेविल्या. कर्नाटकाने 2019 मध्ये नियम बदलून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तेथे या जागांचा लाभ मिळू नये अशी व्यवस्था केली. परिणामी शेतमजुराच्या मुलाला उरते ती गावातील सरकारी शाळा, आणि सधनांची मुले निघून गेल्यामुळे तिची पटसंख्या रोडावत जाते. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेवर याचा आघात दुहेरी होतो. मूल इंग्रजीकडे गेले तरी ते तिचेच जाते, कन्नडकडे गेले तरी तिचेच. पट घटला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की पट आणखी घटतो. ज्या भाषेसाठी 1907 मध्ये लोकांनी स्वतःच्या पैशाने शाळा उघडल्या, ती आता फुकट मिळू लागताच कोणी घेईनासे झाले.

तेव्हा या शाळांत मुलांना धाडणाऱ्या मराठी पालकाने काय करावे? मला वाटते त्याने प्रवेशाच्या दिवशीच बोलावे. अर्जात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. बाप तेथे ‘मराठी’ असे लिहितो, कारकून तो कागद कपाटात ठेवतो, आणि पुढील दहा वर्षे तो रकाना कोणी वाचत नाही. एकट्याने विचारले तर उत्तर ठरलेले आहे : ‘‘साहेब, एका मुलासाठी मास्तर कोठून आणू?’’ पण एकाच वर्गातील दहा-पंधरा अर्जांवर तोच शब्द असेल, आणि ते दहा-पंधरा पालक एकत्र जाऊन भेटतील, तर फीवर चालणाऱ्या संस्थेला ते ऐकावेच लागते. विनाअनुदानित शाळेत पालकाच्या हाती जर कोणती सत्ता असेल तर ती हीच. परीक्षेचा विषय म्हणून मराठी मागू नये. ती मागणी मान्य होणे कठीण, आणि मान्य झाली तरी मुलाचे ओझे वाढेल. मागावे ते वाचन. शनिवारी शाळा अर्ध्याच दिवसाची असते. सुटल्यानंतर एक तास, गुण नाहीत, गृहपाठ नाही, एक पेटीभर मराठी पुस्तके आणि गावातील एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. बस तासभर उशिरा सोडावी लागेल. त्याविषयी मात्र चालकाशी आधी बोलून ठेवावे.